चाळिशीनंतर ब्रेल: अक्षरं लागतात, शब्द काही जुळत नाही

नवखी_बोटं

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत (म्हणजे ऐकत) होते, आज पहिल्यांदा लिहितेय. वय ४६. आरपी आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा. नळीतून बघितल्यासारखं मधलं थोडं दिसतं अजून, पण छापील अक्षर सुटून दोन वर्षं झाली. फोन टॉकबॅकवर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) चालवते, मेल, मेसेज, बँकेचं सगळं त्यावरच, तिथे काही अडत नाही. पाच महिन्यांपूर्वी ब्रेल शिकायला घेतलं आणि आता अशा जागी अडकलेय की पुढे सरकता येईना आणि सोडून द्यायलाही मन होईना.

प्रॉब्लेम असा. सुटं अक्षर द्या, ओळखते, दहापैकी नऊ वेळा बरोबर. शब्द आला की सगळं बोंबलतं. पहिलं अक्षर लागतं, दुसरं लागतं, तिसऱ्यावर बोट जरा रेंगाळलं की पहिलं काय होतं तेच विसरते, मग परत मागे. परवा 'कमल', म्हणजे बघा ना काना ना मात्रा, तरी मी आधी 'कमक' वाचलं, मग 'बमल', मग पुन्हा पहिल्यापासून. चार शब्दांच्या एका ओळीला चार मिनिटं जातात. द, ज आणि ह यांनी तर जीव नकोसा केलाय, आणि ए की इ हे मी अजून अंदाजपंचे ठोकते.

आणखी एक, हसू नका. आकडे नुकतेच झालेत आमचे. तेव्हापासून वाचायच्या पानावर मधे मधे 'आ', मग आकड्याची खूण (पुढे आकडा येतोय हे सांगणारी), मग ९ असं येतंय. आ नऊ. एकाच पानावर सहा-सात वेळा. आधी वाटलं कसला तरी नंबर असेल, मग वाटलं छापणाऱ्याची चूक, पण प्रत्येक पानावर चूक कशी असेल? विचारायचं राहूनच जातं, कारण शिकवणारे आले की माझं बोट धरतात आणि ओळीवरून फरफटत नेतात, मला काय लागलं काय नाही याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. पुस्तकही लहान मुलांचं, ससा आणि कासव. वीस वर्षं नोकरी करून आता ससा आणि कासव, तेही कासवाच्याच स्पीडने.

शेजारी एक सात वर्षांची पोरगी बसते. दोन्ही हातांनी सरसर वाचते आणि मग मला विचारते, मावशी तुमचं झालं का?

तर विचारायचं हे की यात दोष कातडीचा की मेंदूचा? या वयात बोटं मुळात तयार होतात का? की सरळ ऐकण्यावरच भागवावं? खरं खरं सांगा, धीर देणारं नको.

जुना_गडी

ताई, मी ३९ व्या वर्षी सुरू केलं, आता ५४ आहे. खरं खरं मागितलंत म्हणून सांगतो, त्या पोरीइतकं फास्ट बहुधा कधीच जमणार नाही. मुरलेले वाचक मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द वाचतात, मी आज पंधरा वर्षांनी निम्म्यावर आहे. पण निम्म्यावर माझं ऑफिस चालतं, त्यामुळे तक्रार नाही.

आता कातडी की मेंदू. एका टिंबापासून दुसरं टिंब साधारण अडीच मिलिमीटरवर असतं, उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. आणि बोटाच्या टोकाला दोन टोचण्या वेगवेगळ्या कळायला अंतर लागतं साधारण दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे ब्रेल मुळातच बोटाच्या कुवतीच्या अगदी काठावर बेतलेलं आहे, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांनाच तो खडबडीत चिखल वाटतो, पोरांनासुद्धा, फक्त त्यांना त्याची लाज वाटत नाही. शुगर असेल तर मात्र बोटं बधिर झालीत का ते डॉक्टरना दाखवून घ्या, तो प्रश्न वेगळा आणि त्याला नुसती प्रॅक्टिस पुरत नाही. हात गार असतील तरी लागत नाही, मी अजूनही बसण्याआधी हात चोळून घेतो.

एक विचारतो, वाचून झालं की बोटाच्या टोकावर टिंबांचे वळ उठतात का? उठत असतील तर तुम्ही दाबताय. बहुतेक सगळे मोठेपणी शिकणारे दाबतात, न लागलेली गोष्ट जोरात दाबली की लागेल असं वाटतं. उलटं होतं. दाबलं की टिंबं एकमेकांत मिसळतात. बोट असं टेकवायचं की खालचा कागद हलूसुद्धा नये.

दुसरी सवय, आणि ही मला सोडायला वर्ष लागलं: अक्षरावर थांबून बोट वर-खाली घासणं. ते करताय ना? तुमच्या चार मिनिटांवरून वाटतंय की करताय. बोट डावीकडून उजवीकडे सरकत असतानाच टिंब 'दिसतं', थांबलं की विरतं. यावरून गंमत सांगतो. लुई ब्रेलच्या आधी शार्ल बार्बिए नावाच्या माणसाची बारा टिंबांची पद्धत होती, उभा लांब सेल (सेल म्हणजे एका खुणेच्या टिंबांचा गट), तो बोटाखाली एका दमात मावायचाच नाही, वर-खाली चाचपावं लागायचं. लुईने १८२४ मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, तो निम्म्यावर आणला, सहा टिंबं, बोटाच्या एका स्पर्शात मावतील एवढी. म्हणजे आपण घासत बसतो तेव्हा त्या पोराने जे काम वाचवलं तेच पुन्हा अंगावर घेतो.

आणि टिंबं मोजू नका हो. सेलमध्ये डावीकडे वरून खाली एक-दोन-तीन, उजवीकडे चार-पाच-सहा असे टिंबांचे नंबर असतात, पण एक-चार-पाच म्हणजे द, असं मनात पाढे म्हणत बसलात तर तिसऱ्या अक्षराला पहिलं विसरणारच, डोक्यात जागा उरते कुठे. आकार धरा. ग हा वरच्या चार टिंबांचा पूर्ण चौकोन आहे, चारही कोपरे. द, ज, ह म्हणजे त्याच चौकोनाचा एकेक कोपरा पडलेला. द ला डावीकडचा खालचा नाही, ज ला डावीकडचा वरचा नाही, ह ला उजवीकडचा वरचा नाही. मी आठवडाभर नुसतं हेच केलं, ग ची ओळ, त्यात मधेच कुठेतरी एक ह. नाव घ्यायचं नाही, वाचायचं नाही, फक्त 'इथे काहीतरी पडलंय' एवढं लागलं की पुढे. एकदम बिनडोक काम आहे, पण त्याने बोट तयार झालं.

दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं. तासभर सलग बसू नका, वीस मिनिटांनंतर बोट बधिर होतं आणि मग माणूस चुकीचंच पक्कं करत बसतो.

ऐकणारा_कान

मी उलट बोलणार आहे, राग मानू नका. ४१ व्या वर्षी नजर गेली, ब्रेल घेतलं, तीन महिन्यांत सोडलं. आज पुस्तकं अडीचपट स्पीडने ऐकतो, महिन्याला पाच-सहा होतात. ब्रेलमध्ये एका बऱ्यापैकी कादंबरीचे चार-पाच बाड होतात, ठेवायचे कुठे आणि उचलायचे कोणी. सगळं बोलतंय आता, फोन बोलतो, लिफ्ट बोलते. ज्यांना लहानपणापासून येतं त्यांना सलाम, पण पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने चार मिनिटांत एक ओळ वाचायला स्वतःला का छळावं? तो वेळ स्क्रीन रीडर नीट शिकण्यात घाला. माझं मत.

सहा_टिंबं

आधी 'आ नऊ'चा उलगडा करते कारण मला ते वाचून इतकं हसू आलं की चहा सांडला.

ताई, तो 'आणि' आहे.

मराठी ब्रेलमध्ये ण आणि आकड्याची खूण हा एकच सेल आहे, तीन-चार-पाच-सहा. आणि इ म्हणजे दोन-चार, तोच आकड्यात ९. म्हणून आ, ण, इ असं ओळीने आलं की आकडे ताजे शिकलेल्या माणसाला 'आ नऊ' वाचायला येणारच. ण च्या धड्यात हीच टिंबं सांगितली असणार तुम्हाला, पण तो धडा एका कप्प्यात आणि आकडे दुसऱ्या कप्प्यात. 'गणित' काढून बघा, 'ग नऊ त' येतं. ओळखायची खूण सोपी, संख्या असेल तर ती खूण मोकळ्या जागेनंतर, सुरुवातीलाच येते. शब्दाच्या पोटात आली की ण. ण ने सुरू होणारा शब्द मराठीत शोधून सापडत नाही त्यामुळे गोंधळ फारसा होत नाही.

अजून दोन गोष्टी ज्या मला कोणी वेळेवर सांगितल्या नाहीत. छापील मराठीत आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, क नंतर. ब्रेलमध्ये जसं बोलतो तसंच, आधी क मग इ. काना-मात्रा-वेलांटी असं वेगळं काही नाहीच, पूर्ण स्वरच पुढे येऊन बसतो. ज्याने चाळीस वर्षं डोळ्यांनी वाचलंय त्याचं बोट नकळत पहिल्या वेलांटीची वाट बघतं. तुमची ए-इची गडबडसुद्धा म्हणूनच जास्त जाणवत असेल, एकतर ती दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं (ए एक-पाच, इ दोन-चार), वर प्रत्येक दुसऱ्या शब्दात येणार. आणि जोडाक्षरात अर्ध्या अक्षराची खूण, चार नंबरचं टिंब, त्या अक्षराच्या आधी येते. म्हणजे 'क्या' मध्ये आधी कळतं की आता अर्धं येतंय, मग क. एकदा सवय झाली की हे छापीलपेक्षा बरं वाटतं, सूचना आधी मिळते ना. हो, आणि 'मऊ' लिहिताना म, अ, ऊ असं लिहितात, मधला अ नसेल तर ते 'मू' होईल :)

@ऐकणारा_कान दादा, ऐकण्याला माझा विरोध नाही, मीही कादंबऱ्या ऐकतेच. पण ऐकून दिन आणि दीन सांगा बघू. शिर आणि शीर? चार-पाच वर्षं नुसतं ऐकल्यावर माझं शुद्धलेखन इतकं घसरलं होतं की मेल पाठवायची लाज वाटायला लागली. दुसरं म्हणजे चारचौघांत बोलायचं असतं तेव्हा कानात मशीन बडबडतंय आणि तोंडाने आपण बडबडतोय हे मला तरी जमत नाही, बोटाखाली चार ओळींचे मुद्दे असले की मान वर ठेवून बोलता येतं. आणि औषधाच्या बाटल्या, किल्ल्या, फायली, यांना दोन-तीन अक्षरांची पट्टी चिकटवायला कादंबरी वाचण्याचा स्पीड लागत नाही. पाच महिन्यांत ताईंना जे आलंय तेवढ्यावर हे आजच होतं.

ऐकणारा_कान

शिर-शीरवर गप्प बसतो. परवाच एका मेलमध्ये 'आपला दिन मित्र' पाठवलंय मी.

व्याकरणाचा_बळी

मी डोळस आहे, ब्रेलचा गंधही नाही, चुकून या धाग्यात आलो आणि थांबलो, कारण हे हुबेहूब माझं चाललंय. ५२ व्या वर्षी जर्मन शिकतोय. शब्द सुटे विचारा, हजारभर येतात. वाक्य ऐकलं की खेळ खलास. त्यांच्याकडे काही क्रियापदं फोडून अर्धा तुकडा वाक्याच्या शेवटी टाकतात, 'इश रूफं डिश मॉर्गन आन', आता 'रूफं' म्हणजे हाक मारतो असं मी धरून चाललोय आणि शेवटी तो 'आन' येतो आणि कळतं अरे हा उद्या फोन करणार म्हणतोय, तोपर्यंत समोरचा पुढच्या दोन वाक्यांवर गेलेला. पहिलं डोक्यात धरून शेवटाची वाट बघायची आणि मधलं सांडू द्यायचं नाही. तुमच्या क म ल सारखंच ना हे?

मला फरक पडला तो एकाच गोष्टीने, नवीन शिकणं महिनाभर बंद केलं. जे येतंय तेच सोपं सोपं ढीगभर ऐकलं. आपल्याला वाटतं पुढचा धडा घेतला म्हणजे प्रगती. अर्थात सात वर्षांच्या मुलीचं दुःख मला समजतं, माझ्या बॅचमध्ये सगळे विशीतले आहेत, आणि मी तोंड उघडलं की सगळे इतक्या प्रेमाने थांबून राहतात की त्यापेक्षा हसले असते तर बरं.

निम्मी_डोळस

माझे मिस्टर शिकत होते म्हणून मीही शिकले, त्यांना तपासून द्यायला. डोळ्यांनी पंधरा दिवसांत आलं, टिंबांच्या सावल्या बघून वाचते मी, मोठी शहाणी झाले होते. मग त्यांनी एक दिवस माझ्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि पान पुढे केलं. शून्य. अक्षरशः एक अक्षर लागलं नाही. तेव्हापासून 'अहो सोपं तर आहे' हे वाक्य माझ्या तोंडून गेलं ते गेलं. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः बोटाने वाचलेलं असतं देव जाणे, बोट धरून फरफटवणारे तर नक्कीच नाही. ताई, स्पष्ट सांगा त्यांना की माझा हात धरू नका, माझा हात तुमच्या हातावर ठेवू द्या. बोट दुसऱ्याच्या ताब्यात असलं की दाब आणि वेग दोन्ही त्याचे होतात, आपल्याला काय लागणार कप्पाळ.

मेंदूचं विचारलंत म्हणून, २०१६ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी डोळस मोठ्या माणसांना नऊ महिने बोटाने ब्रेल वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले होते. आपण डोळ्यांनी शब्द वाचतो तेव्हा मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच बोटाने वाचतानाही जागा व्हायला लागला होता. तर मेंदूची ही वाट बंद झालेली नाही म्हणे मोठेपणी, फक्त त्यांनीसुद्धा नऊ महिने घातले, तुमचे पाचच झालेत.

मिस्टरांना खरा उपयोग झाला लिहिण्याचा. पाटी आणि स्टायलसने लिहायचं म्हणजे कागदाच्या मागून टोचायचं, त्यामुळे उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं, त्याने ते आणखीच गोंधळले, ए लिहायला जाऊन इ. मग मशीन मिळालं, सहा टिंबांना सहा बटणं, एका अक्षराची सगळी एकदम दाबायची. तिथे अक्षर म्हणजे बोटांची एक मूठ झाली, हार्मोनियमवर सूर धरावा तशी, आणि मग वाचताना ती मूठ आठवायला लागली. लिहिता येणं आधी आलं, वाचणं त्याच्या मागे लंगडत आलं.

जुना_गडी

मशीनचं बरोबर आहे. नसेल तर फोनवर करा ताई, टॉकबॅकमध्ये ब्रेल कीबोर्ड आहे २०२० पासून (आयफोनवाल्यांना २०१४ पासून). फोन आडवा धरून स्क्रीन बाहेरच्या बाजूला करायची आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटं टेकवायची. इंग्रजी अक्षरांनी सुरू करा, रोजचे मेसेज त्यावर लिहा. पण इंग्रजी ग्रेड टूच्या नादी इतक्यात लागू नका, त्यात १८० संक्षिप्त रूपं आहेत, 'द' (the) हा अख्खा शब्द एका सेलमध्ये, 'अँड' एका सेलमध्ये. पुढे वेग त्यानेच येतो हे खरं, पण आत्ता घेतलंत तर ससा आणि कासव दोघंही पळून जातील.

आणि दुसरा हात काय करतो तुमचा? मांडीवर असेल तर वर घ्या. उजवं बोट ओळ संपवत असताना डाव्याने पुढच्या ओळीचं तोंड धरून ठेवायचं, नाहीतर प्रत्येक ओळीला परत येताना रस्ता चुकतो. ती पोरगी दोन हातांनी वाचते म्हणालात ना, तिचा वेग अर्धा तिथे आहे.

नवखी_बोटं

बारा दिवसांनी येतेय, सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, सॉरी. बोटं कामात होती.

वळ उठायचे. चांगले खोल, टिकायचेसुद्धा. आता नाही उठत. घासणं मात्र सुटलेलं नाही, नवीन शब्द आला की बोट आपोआप वर-खाली जातं, स्वतःलाच रागावते. दुसरा हात खरंच मांडीवर होता, जुना_गडी दादा, तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. चार मिनिटांची ओळ अडीचवर आलीय, चांगला दिवस असेल तर दोन. ग च्या ओळीत ह शोधण्याचा खेळ एकदम मस्त, तो टीव्ही ऐकता ऐकता होतो. द-ज सुटले, ह अजून दगा देतो. पुढचे धडे थांबवलेत, जर्मनवाल्या दादांचं ऐकून. बोट धरू नका असं सांगितलं, त्यांना जरा लागलं, पण नाही धरलं त्यानंतर. किल्ल्यांना पट्ट्या लावल्या, पहिली उलटी चिकटवली, असो.

आणि 'आणि'. आता तो मी वाचतच नाही. आ, ण, इ असं काही होत नाही, बोट त्यावर आलं की 'आणि' असतो तिथे, अख्खा, मी पुढे गेलेली असते. आख्ख्या पानात असा हा एकच शब्द आहे अजून, बाकी सगळं ढकलगाडीच.

त्या पोरीला आ नऊची गंमत सांगितली. ती इतकी हसली की बाहेरून कोणीतरी बघायला आलं. आता ती वहीत स्वतःच असले शब्द शोधत बसते, 'गणित' तिला मी सांगायच्या आधी सापडला, आणि माझं नाव तिने बदललंय. काल आत गेले तर ओरडली, आ-नऊ मावशी आली.